समुद्र बाटलीत उतरतो का? : आयला, कुंकळ्ळी आणि बुटीबोरी

(नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातील पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न व उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की नागपूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मग इथे समुद्रकाठच्या व्हिस्कीवर व्याख्यान कशासाठी? कारण सरळ आहे. २०२४ साली पेर्नो रिकार्ड इंडिया या कंपनीने आपल्या बुटीबोरीत माल्ट स्पिरिटची डिस्टिलरी उभारण्याचा करार राज्य सरकारशी केला. गुंतवणुकीचा जाहीर आकडा १,७८५ कोटी रुपयांपर्यंतचा होता. म्हणजे कधी ना कधी, नागपूरच्या हवेत मुरलेली व्हिस्की बाटलीत भरली जाणार. आणि बाटलीवर गावाचं नाव आलं की प्रश्न येतो, की त्यात त्या गावाचं काय आहे?

'आमच्या दारूत आमची जागा आहे' हा दावा जगात सगळ्यात मोठ्याने कुणी केला असेल, तर तो स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या डिस्टिलऱ्यांनी. त्यांच्यापासून शिकून आपल्याकडे तसाच दावा करणारी सगळ्यात जवळची डिस्टिलरी गोव्यात कुंकळ्ळीला आहे. या दोन ठिकाणी तो दावा कितपत टिकतो, हे तपासून मग आपण बुटीबोरीकडे येऊ.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. बुटीबोरी वर्धा रोडवर आहे. तोच रस्ता पुढे ज्या वर्धा जिल्ह्यात जातो, तिथे १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो. अशा प्रदेशात बसून आपण दारूबद्दल बोलतो आहोत याचं भान आम्हाला आहे. आजचं बोलणं प्या म्हणून नाही, पिऊ नका म्हणूनही नाही. एखाद्या वस्तूबद्दल जे सांगितलं जातं ते खरं किती, एवढंच तपासायचं आहे.

'समुद्री' म्हणजे नक्की काय?

समुद्रकाठच्या व्हिस्कीची वर्णनं तुम्ही वाचली असतील. मीठ, शेवाळ, आयोडीन, ओला दोरखंड, मासळीची जाळी. वाचताना असं वाटतं की पेला तोंडाला लावला की लाट अंगावर येणार. आता कायदा काय म्हणतो बघा. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांत पाच विभाग आहेत : हायलंड, लोलंड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला. 'समुद्रकाठ' नावाचा विभागच नाही. ओबान, स्काय बेटावरची टॅलिस्कर, विक गावची ओल्ड पुल्टनी, या सगळ्यांना 'समुद्री' म्हणतात ते विक्रेते आणि रसिक. म्हणजे ही टीकेची भाषा आहे, आणि टीकेच्या भाषेची तपासणी टीकाकारांनीच करायला हवी.

वरच्या यादीत आयला हे नाव आलं. इंग्रजी स्पेलिंग पाहून लोक 'इस्ले' वगैरे म्हणतात, पण उच्चार 'आयला' असाच आहे. (हशा) हसा, हसा. मराठी माणसाला हे नाव विसरायची सोय नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरचं हे बेट. वस्ती जेमतेम तीन-साडेतीन हजार, आणि त्यात बोमोर, लाफ्रॉइग, लागावुलिन, आर्डबेग, कुल ईला, ब्रुकलाडी, बुनाहावन अशी एकाहून एक नावं.

लाफ्रॉइगची गोष्ट

यातली एकच डिस्टिलरी जवळून पाहू, कारण सगळा 'समुद्री' लौकिक तिच्या नावावर जमा आहे. लाफ्रॉइगच्या बाटलीवर १८१५ हे साल असतं. डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन हे दोघे भाऊ मूळचे शेतकरी. त्या बेटावर शेतकऱ्याने उरलेल्या बार्लीची दारू गाळणं ही नवलाची गोष्ट नव्हती. धान्य कुजण्यापेक्षा दारू टिकते, आणि तिला पैसेही येतात. डोनाल्ड १८४७ साली डिस्टिलरीतल्याच एका गरम हौदात पडून मेला. कारखाना मात्र त्याच्या घराण्यात राहिला तो थेट १९५४ पर्यंत.

घराण्यातले शेवटचे मालक इयन हंटर. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा त्यांनी या व्हिस्कीच्या औषधी वासाचा फायदा घेऊन ती औषध म्हणून तिथे पोहोचवली, अशी कथा सांगतात. हंटर १९५४ साली वारले तेव्हा त्यांनी डिस्टिलरी कुणाला दिली? बेसी विल्यमसन नावाच्या बाईंना. १९३४ साली त्या एका उन्हाळ्यापुरत्या टायपिस्ट म्हणून आल्या होत्या, आणि हळूहळू सगळा कारभार त्यांच्या हाती आला. विसाव्या शतकात स्कॉच डिस्टिलरीची मालकीण असलेल्या बायका शोधूनही फारशा सापडत नाहीत. आयलाच्या दगडमातीबद्दल पानंच्या पानं लिहिली जातात, पण हे काम हाताने सांभाळणाऱ्या माणसांबद्दल त्या मानाने कमी, ही आमची पहिली तक्रार.

आता समुद्राकडे येऊ. आयलाच्या किनाऱ्यावर पांढऱ्या भिंतींवर माणसापेक्षा उंच काळ्या अक्षरांत डिस्टिलरीचं नाव रंगवलेलं दिसतं, आणि ते नाव असतं समुद्राच्या बाजूला. रस्त्याच्या बाजूला का नाही? कारण गिऱ्हाईक रस्त्याने येत नव्हतं. बार्ली आणि कोळसा जहाजाने यायचा, भरलेली पिंपं जहाजाने जायची. खलाशाला लांबून नाव वाचता यायला हवं. म्हणजे या डिस्टिलऱ्या समुद्रकाठी आहेत त्या वाहतुकीसाठी. आपल्याकडे रेल्वे स्टेशनाजवळ जिनिंग-प्रेसिंग कारखाने उभे राहिले, तसंच हे. म्हणून विदर्भाच्या कापसाला कुणी 'रेल्वेचा सुगंध' चिकटवला नाही! (हशा)

वास कुठून येतो?

तरीही वास आहे, तो खोटा नाही. लाफ्रॉइगचा पेला नाकाजवळ नेला तर दवाखान्याची आठवण होते. टिंक्चर, फिनेल, धूर. मग हा येतो कुठून?

तो येतो चुलीतून. दारूसाठी बार्लीला आधी मोड आणतात, मग ती वाळवतात. आयलावर वाळवणीला झाडं पुरेशी नव्हती आणि कोळसा बाहेरून आणावा लागे. होतं ते पीट. पाणथळ जागी हजारो वर्षं दबून राहिलेलं गवत आणि शेवाळ विटांसारखं कापायचं, वाळवायचं आणि जाळायचं. त्याच्या धुरातली फिनॉल जातीची द्रव्यं ओलसर दाण्याला चिकटतात आणि गाळणीनंतरही टिकतात. यातलं क्रेसॉल आपल्या ओळखीचं आहे, जंतुनाशकाचा वास तोच.

विदर्भात बसून हे समजायला वेगळं उदाहरण लागत नाही. आपला रोडगा घ्या. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या रोडग्याला जो वास असतो, तो कणकेचा नाही आणि विहिरीच्या पाण्याचाही नाही. तो गोवरीचा आहे. तोच रोडगा गॅसच्या तंदूरमध्ये केला की पोट भरतं, पण जेवणारा म्हणतो, 'नाही बा, ते नाही आलं.' लाफ्रॉइगचं 'समुद्री' हे असं गोवरीच्या जातीचं आहे.

पुरावा हवा असेल तर त्याच बेटावर तीन मिळतात.

पहिला, बुनाहावन. अगदी पाण्याला टेकून उभी आहे, पण तिची नेहमीची व्हिस्की धुराची नसते, कारण बार्ली बहुतेक पीटशिवाय वाळवलेली. समुद्र तोच, दवाखान्याचा वास मात्र नाही.

दुसरा, कुल ईला. हिची व्हिस्की धुरकट आहे. पण गाळलेल्या दारूचा बहुतांश भाग टँकरमधून मुख्य भूमीवर जातो आणि तिथल्या गोदामात मुरतो. पिंपं वर्षानुवर्षं समुद्रापासून दूर, तरी पिणाऱ्याला त्यात समुद्र सापडतो.

तिसरा पुरावा सगळ्यात मजेदार. लागावुलिनच्या पीटर मॅकींकडे लाफ्रॉइगच्या विक्रीचं काम होतं, ते त्यांच्या हातून गेलं. ते इतके चिडले की त्यांनी १९०८ साली लागावुलिनच्याच आवारात 'माल्ट मिल' नावाची वेगळी डिस्टिलरी काढली. हेतू एकच, लाफ्रॉइगची नक्कल. बेट तेच, किनारा तोच, पीट तसंच, माहितगार माणूसही तिकडून आणलेला. आणि व्हिस्की? ती लाफ्रॉइग झाली नाही. भांड्याचा आकार, आंबवण्याचा वेळ, गाळताना धार कुठे तोडायची याचा निर्णय, अशा पन्नास बारीक गोष्टी असतात. जागा एकच असली तरी हात वेगळा, म्हणून माल वेगळा.

राहिलं मीठ. मीठ वाफेबरोबर वर चढत नाही, हे शाळेतल्या प्रयोगात आपण पाहिलेलं आहे. हवेतलं मीठ ओकचं जाड लाकूड ओलांडून जिभेला कळेल इतकं आत जात असेल, हे आम्हाला पटत नाही. खारट म्हणून जे जाणवतं, ते धूर, लाकडाचा तुरटपणा आणि मद्यार्काचा चटका यांचं मिश्रण असावं. उरलेलं काम लेबलावरचं लाटेचं चित्र करतं.

मग समुद्राचा वाटा शून्य का? नाही. तो हवेच्या रूपाने आहे, आणि ते समजायला गोव्याला जावं लागेल.

कुंकळ्ळीची भट्टी

कुंकळ्ळी हे दक्षिण गोव्यातलं, सासष्टीतलं गाव. इतिहासात त्याचं नाव १५८३ च्या बंडाने आहे. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध तिथल्या गावकरांनी केलेला तो उठाव. आज तिथल्या औद्योगिक वसाहतीत पॉल जॉन सिंगल माल्टची डिस्टिलरी आहे. समुद्र काही किलोमीटरवर, बेतूलच्या बाजूला.

कंपनी मूळ बेंगळुरूची, जॉन डिस्टिलरीज, स्थापना १९९२. तिचा पैसा उभा राहिला 'ओरिजिनल चॉइस' या स्वस्त व्हिस्कीवर. आपल्याकडे 'व्हिस्की' म्हणून जे सर्वाधिक खपतं, त्याचा पाया बऱ्याचदा उसाच्या मळीपासूनचा मद्यार्क असतो. आपण महाराष्ट्रवाले साखर कारखान्यांमुळे ते चांगलंच ओळखतो. युरोपात अशा पेयाला व्हिस्की म्हणू देत नाहीत. तिकडे मान मिळवायचा तर नुसत्या बार्लीची, तांब्याच्या भांड्यात गाळलेली, ओकच्या पिंपात मुरलेली माल्टच हवी. ही वाट आधी बेंगळुरूच्या जगदाळे घराण्याच्या 'अमृत'ने पाडली. त्यांनी २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन मांडली. पॉल जॉन त्या वाटेने २०१२ साली लंडनला पोहोचली.

आता या बाटलीत गोव्याचं काय, याचा हिशोब करू. बार्ली उत्तर भारतातली, सहा ओळींच्या कणसाची. तिला साल जास्त आणि पीठ कमी, म्हणून उतारा कमी, पण चवीला जड. पिंपं मुख्यतः अमेरिकेतली, बर्बन भरून रिकामी झालेली. आणि पीट? ते स्कॉटलंडहून येतं. 'बोल्ड' नावाच्या व्हिस्कीला आयलाचं, 'एडिटेड'ला हायलंडचं. म्हणजे समुद्रकाठच्या गोव्यात 'समुद्री' वास आणण्यासाठी दुसऱ्या समुद्रकाठची माती बोटीने आणावी लागते. स्वतःला समुद्र असून! यापेक्षा स्वच्छ पुरावा आम्हाला दुसरा देता येणार नाही.

म्हणून आमचं मत असं, की या डिस्टिलरीच्या तीन नेहमीच्या बाटल्यांत सर्वांत प्रामाणिक आहे ती 'ब्रिलियन्स', जिच्यात पीट नाही. मध, सुकं फळ, किंचित कोको अशी तिची चव. 'बोल्ड' बनावटीत कुठे कमी नाही, काम चोख आहे. पण ती पिताना आपण गोव्याकडे पाहत नाही, गोव्यातून आयलाकडे पाहतो. एखाद्या चांगल्या गायकाने दुसऱ्या घराण्याची चीज हुबेहूब म्हणून दाखवावी, तशी. दाद देतो, पण 'तुमचं काय?' हा प्रश्न राहतोच.

कूलर आणि पिंप

त्यांचं स्वतःचं जे आहे, ते गोदामात आहे. पिंपातली दारू लाकडातून सतत थोडीथोडी उडून जाते. स्कॉटलंडमध्ये याला देवदूतांचा वाटा म्हणतात. तिथे तो वर्षाला साधारण २ टक्के. गोव्यात कंपनी तो ८ टक्क्यांच्या आसपास सांगते. आकडा लहान वाटतो? मांडून बघा. २०० लिटरचं पिंप १२ वर्षं ठेवलं, तर २ टक्क्यांनी सुमारे १५७ लिटर उरतात. ८ टक्क्यांनी उरतात सुमारे ७४. म्हणून गोव्यातल्या या नेहमीच्या बाटल्यांवर 'बारा वर्षांची' वगैरे आकडा नसतो. तिथे बारा वर्षं थांबणं म्हणजे दोन तृतीयांश माल हवेला दान करणं. उष्णतेने लाकडाचा अर्कही लवकर उतरतो, त्यामुळे पाच-सहा वर्षांतच व्हिस्की पिकते. वयाच्या आकड्याला दर्जा समजणाऱ्यांनी हे गणित लक्षात ठेवावं.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि तो नागपूरकराइतका लवकर कुणालाच कळणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात कूलर चालतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडलं की खोली गार. गोव्यात तोच कूलर नेऊन लावला तर नुसता दमटपणा वाढतो. का? आपली हवा कोरडी, ती पाणी भराभर उचलते. तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी काय उचलणार? पिंपाबाबतही असंच. पिंपात दोन द्रव आहेत, पाणी आणि मद्यार्क. बाहेरच्या हवेत मद्यार्क कुठेच नसतो, म्हणून तो सगळीकडेच उडतो. पाणी किती उडेल हे मात्र हवेच्या दमटपणावर. दमट किनाऱ्यावर पाणी आत अडकतं, मद्यार्क जातो आणि दारू सौम्य होत जाते. कोरड्या हवेत पाणीही झपाट्याने जातं, आणि दारूचा कडकपणा टिकतो किंवा वाढतो.

हा समुद्राचा खरा वाटा. तो दमटपणा देतो आणि थंडी-उन्हाळ्याची टोकं बोथट करतो. बोमोरचं जुनं तळघर समुद्राच्या पातळीखाली आहे म्हणून प्रसिद्ध आहे, त्यातलं तथ्य एवढंच. समुद्र जिभेवर मीठ ठेवत नाही, पिंपातलं गणित बदलतो. 'समुद्री व्हिस्की' हा शब्द ठेवायचाच असेल, तर या अर्थाने ठेवू.

कुणाच्या भट्टीला जागा मिळते

इथे थांबलो असतो तर हे व्याख्यान रसिकांपुरतं राहिलं असतं. पण आयलाला चव जशी पीटने दिली, तसा इतिहास कायद्याने दिला, आणि आपल्याला शिकायचं आहे ते त्यातलं.

स्कॉटलंडमध्ये चोरून दारू गाळणं घरोघरी चालायचं. १८२३ च्या कायद्याने कर उतरवला आणि वर्षाला दहा पौंडांत परवाना दिला. चोरून गाळणाऱ्यांपैकी अनेकांना उघड धंदा करणं परवडू लागलं. आज ज्या डिस्टिलऱ्यांच्या भिंतींवर अभिमानाने साल लिहिलेलं असतं, त्यांतल्या कितीतरी त्या दशकात उभ्या राहिल्या किंवा कायदेशीर झाल्या. परवाना मिळाला म्हणून वेळ मिळाला. वेळ मिळाला म्हणून दारू पिंपात मुरली. आज पकडले जाऊ की उद्या, या भीतीत कुणी दारू दहा वर्षं मुरवत नाही.

आता आपला किनारा पाहा. मुंबईसमोर उरण आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, पारशी मालकांच्या. मोहफुलं गुजरातेतून यायची. म्हणजे समुद्रकाठची डिस्टिलरी महाराष्ट्रात होतीच! पण मुंबई इलाख्यातला कायदा उलट्या दिशेला गेला. १८७८ च्या अबकारी कायद्याने गाळणी मोठ्या मक्तेदारांच्या हाती एकवटली. १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात आदिवासींनी मोहफुलं बाळगण्यावरसुद्धा निर्बंध आले. दारू सोडा, झाडाखाली पडलेलं फूल घरात ठेवणं गुन्ह्याच्या वाटेवर गेलं. स्कॉटलंडमध्ये घरच्या भट्टीला डिस्टिलरी व्हायला वाट मिळाली. इथे घरची भट्टी 'हातभट्टी' झाली, आणि तो शब्द आपण कुठल्या सुरात उच्चारतो हे सांगायला नको.

गोव्याने यातून थोडी वाट काढली. कुंकळ्ळीच्या आसपासच काजूचे बोंडू तुडवून, रस आंबवून, भाणात गाळून फेणी होते. फळ तिथलं, हात तिथले, हवा तिथली. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळालं, आणि २०१६ साली गोवा सरकारने कायद्यात बदल करून तिला 'देशी दारू'च्या खान्यातून काढून वारसा पेयाचा दर्जा दिला. पॉल जॉन आणि फेणी शेजारी ठेवली तर जागेचा दावा कुणाचा भारी, हे वेगळं सांगायला हवं का?

मग बुटीबोरीकडून काय मागायचं?

आमचं म्हणणं असं, की 'नागपूरचं व्यक्तिमत्त्व' म्हणून लेबलावर संत्रं किंवा वाघ आला, तर त्याला भुलू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. माल इथे गाळला, तसा इथेच मुरला का? कारण नागपूरची खरी देणगी म्हणजे नवतप्याची कोरडी भाजणी, मग पावसाळ्याची दमट घुसमट, मग डिसेंबरची थंडी. पिंपाला वर्षात एवढे झटके आयला देत नाही, गोवाही देत नाही. दुसरं, देवदूतांचा वाटा किती, हे कंपनी उघड सांगते का? तिसरं, आयात केलेल्या धुरामागे चव लपवली आहे, की हवेचं काम दिसू दिलं आहे? या तिन्हींची उत्तरं नीट आली, तर बुटीबोरीची व्हिस्की नागपूरची म्हणायला आमची ना नाही.

आणि चौथा प्रश्न कंपनीला नाही, आपल्या सरकारला आहे. त्याच जिल्ह्यांच्या जंगलात मोह फुलतो. २०२१ साली राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले, ते चांगलं झालं. पण फूल वेचणाऱ्या बाईला त्याची दारू गाळण्याचा परवाना नाही, आणि परदेशी धान्यसंस्कृतीच्या दारूला पायघड्या. हा फरक चवीचा नाही, कायद्याचा आहे, एवढं तरी मान्य करू.

प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सगळं पीटमुळे असेल, तर कुठेही पीट जाळून आयलासारखी व्हिस्की होईल का?*

माल्ट मिलचं उदाहरण हेच सांगतं, की शेजारीसुद्धा झाली नाही. धुरकट होईल, लाफ्रॉइग होणार नाही. धूर ही एक गोष्ट झाली. भांडं, आंबवण, धार तोडण्याची वेळ, पिंप आणि गोदामाची हवा, हे सगळं मिळून ती ओळख होते. आमचा आक्षेप जागेला नाही. जागेचं काम चुकीच्या ठिकाणी शोधण्याला आहे.

*प्रश्न : सर, तुम्ही रसिकतेने बोललात. पण आमच्या भागात दारूने घरं बुडाली. गडचिरोलीत बायकांनी लढून दारूबंदी आणली. त्यांच्यासमोर हे व्याख्यान द्याल का?*

देऊ. आणि तुमचा प्रश्न योग्य आहे. त्या बायकांना जे कळलं होतं ते आम्ही नाकारत नाही. घरातला पैसा आणि शांतता कुठे जाते हे त्यांनी रोज पाहिलं आहे. आमचं म्हणणं इतकंच, की बंदी असो वा परवाना, नियम सगळ्या दारूंना एकाच मापाने लागावा. १,७८५ कोटींच्या दारूला 'गुंतवणूक' आणि मोहाच्या दारूला 'गुन्हा' म्हणायचं असेल, तर तो निर्णय आरोग्याचा राहत नाही. हवं तर त्या बायकांनीच ठरवावं. आम्हाला त्यांचं ऐकायला आवडेल.

*प्रश्न : मोहाची दारू पिंपात मुरवली तर?*

मोहाची स्वतःची फुलांची ओळख लाकडाखाली दबून जाण्याचा धोका आहे. फेणी बहुधा काचेतच ठेवतात, ते उगाच नाही. प्रत्येक चांगल्या दारूला व्हिस्कीसारखं व्हायचं नसतं. पण हे उत्तर अंदाजाने देण्याची वेळ आपल्यावर का येते, याचाही विचार करा. दोनशे वर्षं उघडपणे करून बघायची मुभा मिळाली असती, तर या प्रश्नाचं उत्तर एखाद्या आदिवासी भट्टीवाल्याने इथे उभं राहून दिलं असतं.